फक्त तोंड लाव

बेगिमायने त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि ज्या बाकावर ती येऊन टेकली त्याच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगा नेमका तेव्हाच डब्याचं झाकण उघडत होता. पुढचं सगळं घडलं ते एवढ्यामुळे.

ऑक्टोबर संपत आला होता. विद्यापीठासमोरच्या ओकच्या झाडांखाली पिवळ्या पानांचा सडा पडला होता, आणि वरून पडू की नको असं विचारत बारीक पाऊस येत होता. डब्यातून भाजलेल्या कांद्याचा वास आला. बेगिमायने मान मुद्दाम दुसरीकडे वळवली. पोटातले कावळे मात्र काही मान वळवायला तयार नव्हते.

मुलाने डबा बाकाच्या मध्यावर सरकवला, वर नानचा तुकडा ठेवला आणि बिश्केकमधला कुठलाही शहाणा माणूस म्हणेल तेच म्हणाला, "घे, तोंड लाव."

हे म्हणायचंच असतं. शेजारी माणूस बसलेलं असताना एकट्याने खायला आपण काही लांडगे नाही. आणि ऐकणाऱ्यानेही काय करायचं ते ठरलेलं असतं. नानचा चिमूटभर तुकडा मोडायचा, डब्याला टेकवायचा, तोंडात टाकायचा, 'बरकत येवो' म्हणायचं आणि गप्प बसायचं. चिमूटभर, बरं का. दात येण्याआधी हे शिकवलेलं असतं.

बेगिमायने चिमूटभर तुकडा मोडला. डब्याला टेकवला, तोंडात टाकला. मग तिला वाटलं, चव नीट कळली नाही, म्हणून आणखी एक. खाली काहीतरी मऊ, खरपूस होतं, मध्येच अक्रोड लागत होता, वर आंबट चक्का आणि गाजराचा कीस होता… तिने मान वर केली तेव्हा डब्याचा तळ दिसत होता, आणि मुलगा हातात रिकामा चमचा धरून मोठ्या आदराने तिच्याकडे बघत होता.

"मी…" तिच्या ओठाला चक्का लागला होता. "मी फक्त तोंड लावणार होते."

"लावलंस की," तो म्हणाला. "चांगलंच लावलंस. डबा धुवायचंही काम ठेवलं नाहीस."

"आता तू काय खाणार?"

"मी बघत होतो ना. निम्मं पोट बघूनच भरलं."

लाजेने तिचे कान तापले. पण विषय बदलायला काहीतरी बोलणं भाग होतं. "मांस छान शिजलं होतं," ती म्हणाली.

"मांस नव्हतंच त्यात. घेवडा होता."

बेगिमाय नारीनची. तिच्या डोंगरात मांस नसलेल्या ताटाला जेवण म्हणत नाहीत. फार तर औषध म्हणतात. घेवडा तिने आयुष्यात पोत्यातच पाहिला होता. "खोटं बोलतोस," ती म्हणाली.

"मी तालासचा आहे. आमच्याकडे गाव झाडून घेवडा पिकवतं, आणि खात मात्र कुणी नाही. सगळा परदेशी जातो. घरात त्याला हात लावणारा पहिला माणूस मी, आई अजून लोकांना सांगत नाही." त्याने हात पुसून पुढे केला. "एर्मेक. अन्नतंत्र, शेवटचं वर्ष."

एर्मेक म्हणजे करमणूक. "नाव शोभतं," बेगिमाय म्हणाली.

"आणि तू कुस्ती खेळतेस."

"कशावरून?"

"डाव्या कानावरून," तो म्हणाला. "आणि खाण्याच्या वेगावरून."

डाव्या कानाची पाळी सरावात चुरगळलेली होती. ती नेहमी वेणीखाली लपवायची. आज वेणी मागे होती. आश्चर्य म्हणजे, ती पुढे ओढावी असं तिला वाटलं नाही. तिने डबा उचलून पिशवीत टाकला. "उद्या इथेच देते. धुऊन."

"राहू दे गं, मी धुतो."

"रिकामा डबा परत करायचा नसतो, एवढं तालासमध्ये शिकवतात ना?" असं म्हणून ती उठली आणि पावसात चालू लागली. मागे वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. कोपऱ्यावर वळून बघितलं.

तिची खरी गोष्ट अशी होती. बेगिमाय शिकत होती ती कुस्तीच्या जोरावर. संघात नाव होतं म्हणून फी माफ, संघात नाव होतं म्हणून वसतिगृहात खाट. गेल्या वर्षी दोन स्पर्धा ती हरली, आणि दोन्ही एकाच पद्धतीने. पहिल्या फेरीत पुढे, दुसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे काजवे. त्रेपन्न किलोच्या गटात बसायचं म्हणून ती आठवडाभर पाकिटातल्या शेवया आणि तेलकट सामसा, म्हणजे मांस भरलेला समोसा, खायची, मग वजन वाढलं की दोन दिवस कडकडीत उपास करायची. सोरोनबाय आगायांनी, म्हणजे तिच्या प्रशिक्षकांनी, महिन्याच्या सुरुवातीला स्पष्टच सांगितलं होतं. "पोरी, नोव्हेंबरच्या शेवटी ओशला विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे. पहिल्या तिघींत आलीस तर राहशील. नाही तर नाव माझ्या हातात नाही." नाव गेलं की खाट गेली, खाट गेली की नारीन. तिथे बाप म्हणत होताच, मुलीची जात, किती दिवस गादीवर लोळणार.

हे सगळं ती दुसऱ्या दिवशी एर्मेकला सांगणार नव्हती. पण डब्यात तिने आईने पाठवलेले कुरुत भरून आणले होते, खारट, दगडासारखे ताकाचे गोळे. ते चघळताना माणसाला बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं. एर्मेक चघळत राहिला आणि ती सांगत गेली.

गोळा विरघळल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तू उपाशी राहून लढतेस."

"वजन उतरवते."

"ताकद उतरवतेस. वजन आपोआप उतरतं, बिचारं सोबतीला." मग त्याने थोडं अडखळत विचारलं, "मला एक पोट हवंय… म्हणजे, तसं नाही. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. विद्यार्थ्यांचा डबा. अट अशी की एका शेगडीवर वीस मिनिटांत झाला पाहिजे, एका सामशापेक्षा स्वस्त पडला पाहिजे, आणि खाणाऱ्याला दुपारी वर्गात झोप यायला नको. कागदावर झकास आहे. पण खाऊन सांगणारं कुणी नाही. खोलीतले तिघं नुसतं 'मांस कुठाय' विचारतात."

"आणि मी काय विचारीन?"

"तू विचारण्याआधीच संपवतेस," एर्मेक म्हणाला.

मग रोज दुपारी तोच बाक. एर्मेक घेवडा रात्री भिजत घालायचा, सकाळी शिजवायचा, आणि एकाच पातेल्यातून आठवडाभर वेगवेगळी सोंगं काढायचा. सोमवारी कांदा-अक्रोड घालून ठेचलेला, मंगळवारी कोबी-बीट घालून आंबटगोड, बुधवारी मूग आणि तांदळाची मऊ खिचडी, वर चक्का. गुरुवारी दोन उकडलेली अंडी आणि गाजर. सरावाआधी सातूचं पीठ ताकात कालवून बाटलीत. "हे माझी आजी गाईला द्यायची," बेगिमाय म्हणाली. "गाय कधी दुसऱ्या फेरीत पडली होती?" एर्मेकने विचारलं. तिने निमूट बाटली तोंडाला लावली.

आणि डबा रिकामा परत जायचा नाही. कधी त्यात जर्दाळू असायचे, कधी रोझा एजेंनी, म्हणजे वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंनी दिलेली दोन बिस्किटं. महिनाअखेरीस वसतिगृहात काहीच नसायचं, तेव्हा ओकचं फळ. एकदा तिने नुसतं एक पिवळं पान घातलं आणि वर चिठ्ठी ठेवली, 'आज एवढंच आहे.' दुसऱ्या दिवशी त्याच्या वहीतून तेच पान डोकावताना तिने पाहिलं. त्याने वही जरा घाईने मिटली.

सरावात एकदा तिचा खालचा ओठ फुटला. बाकावर तिने तोंड रुमालाखाली धरलं होतं, आणि दोघं हवेबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशीच्या डब्याच्या झाकणावर चिठ्ठी होती. 'आज तिखट नाही. व्हिनेगर पण नाही. झोंबणार नाही, हळू खा.' बेगिमायने ती चिठ्ठी तीनदा वाचली. बेचाळीस मुलींना तिने गादीवर आपटलं होतं, पण एक चिठ्ठी आपल्यालाच असं चीत करील हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"कसं होतं?" त्याने विचारलं.

"मीठ कमी होतं," ती म्हणाली. डोळे भरले होते, त्याला काहीतरी कारण हवं होतं.

सोरोनबाय आगायांना घेवड्याचं कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "घेवडा? पोरी, पैलवानाने मांस खावं. तो दाणा घोड्याला घाल." त्याच आठवड्यात बेगिमायने सत्तावन्न किलोच्या मुलीला सहाव्या मिनिटाला, म्हणजे जेव्हा ती एरवी भिंतीला टेकून उभी असायची तेव्हा, दुहेरी पट काढून आडवी केली. दुसऱ्या दिवशी आगायांनी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "त्या घेवड्यात कांदा आधी घालायचा की नंतर?"

निघायच्या आदल्या संध्याकाळी बेगिमाय वसतिगृहाच्या काट्यावर उभी राहिली. त्रेपन्नला तीनशे ग्रॅम कमी. एक दिवसाचा उपास नाही, चक्कर नाही, गालावर रंग. एर्मेकने शेवटच्या दोन दिवसांचा कागद करून दिला होता, त्यात चमचा न् चमचा लिहिलेला होता. सगळं जिथल्या तिथे होतं.

फक्त एक गोष्ट त्या कागदात नव्हती, आणि ती त्याच्याही लक्षात आली नाही, तिच्याही. आपल्यातल्या कुणाच्याच आली नसती.

तिसऱ्या मजल्यावर अठरा खोल्या. बेगिमाय ओशला चाललीय म्हटल्यावर अठराही खोल्यांतून मुली नान घेऊन आल्या. कुणाचा गावाहून आलेला, कुणाचा कोपऱ्यावरच्या भट्टीतला गरमागरम, कुणी लोणी लावलेला. "तोंड लाव आणि जिंकून ये." नान पुढे केलेला असताना नाही म्हणणं म्हणजे देणाऱ्याच्या शुभेच्छाच परत करणं. तिने चिमूटभरच घेतलं. अठरा वेळा. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

पहाटे बस लागली होती. पेट्रोलचा वास, थंडीने तोंडातून वाफा. एर्मेक धावत आला, गळ्याभोवती मफलर कसाबसा गुंडाळलेला, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात रुमालात बांधलेला गोल नान.

"डबा उद्या कुस्ती झाल्यावर," तो म्हणाला. "नान… नान असाच आणला. रिकाम्या हाताने कसं यायचं."

बेगिमायने नान हातात घेतला. अजून ऊन होता. "माझी आई नारीनला आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी दोन्ही वेळा मी इथून निघाले तेव्हा चावलेला नान ठेवायला मागे कुणी नव्हतं."

एर्मेकला काय कळायचं ते कळलं. कुणी लांबच्या वाटेला निघालं की त्याने घरच्या नानचा एक घास चावायचा, आणि उरलेला घरच्यांनी टांगून ठेवायचा. तो येईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. तो नान वाट बघतो, आणि नानने वाट बघितली की माणूस येतो. पण हे करतात ते घरचे. आई करते. बायको करते.

बेगिमायने नान तोंडाशी नेला आणि चावला. चिमूटभर नाही, चांगला मोठा घास. मग उरलेला त्याच्या हातात दिला.

"हा… म्हणजे मी…" एर्मेक म्हणाला.

"ठेव," ती म्हणाली, आणि तोंडात घास असल्यामुळे त्यापुढे काही बोलावं लागलं नाही. बस निघाली. काचेतून तिने पाहिलं, एर्मेक दोन्ही हातांत तो नान धरून तिथेच उभा होता, कुणीतरी हातात तान्हं मूल देऊन गेल्यासारखा.

दुपारी तोक्तोगुलला सोरोनबाय आगायांच्या बहिणीचं घर लागलं. बस थांबली नाही तर बहीण वर्षभर बोलली नसती. ओटीवर नान, लोणी, जर्दाळूचा मुरंबा. "तोंड लाव, पोरी," खुद्द आगायच म्हणाले, "नुसतं तोंड लाव, नाही तर ही मला जेवायला घालायची नाही." संध्याकाळी ओशच्या वसतिगृहातली आचारीण दारातच नान घेऊन उभी. पाहुण्यांनी उंबरठ्यावर तोंड लावायचं असतं. आणि ओशच्या नानपुढे नाही म्हणायला माणूस दगडाचा लागतो.

सकाळी वजनाचा काटा म्हणाला : त्रेपन्न किलो एकशेऐंशी ग्रॅम.

"अर्धा तास वजन चालू आहे," काट्यापाशी बसलेला पंच म्हणाला. "तेवढ्यात कितीदाही ये. अर्ध्या तासाने मी बंद करतो."

आगायांचा चेहरा पांढरा पडला. एका मुलीने कात्री पुढे केली. "वेणी काप, शंभर ग्रॅम तर निघतील." बेगिमायने कात्रीकडे पाहिलं, मग उड्या मारायची दोरी उचलली आणि कानात फोन खोचून मागच्या बोळात गेली.

"एर्मेक."

"उतरलं ना?"

"एकशेऐंशी ग्रॅम जास्त."

"अशक्य. मी चमचा न् चमचा मोजला होता."

"चमचे मोजलेस. तोंड लावलेलं मोजलंस?"

"…कुणाकुणाकडे लावलंस?"

"अठरा खोल्या. आगायांची बहीण. इथली आचारीण." दोरी जमिनीवर सपसप वाजत होती. "लोणी. मुरंबा."

"मुरंबा," एर्मेक कण्हला. "आणि?"

"आणि तुझा घास."

"तो कितीसा असणार?"

"मोठा होता." ती धापा टाकत होती, धापांमध्ये लाज लपते, हे बरं असतं. "मुद्दाम मोठा घेतला."

"का?"

"म्हणजे… दिसावं. की कुणाचा तरी आहे. कुणी टाकून देऊ नये."

पलीकडून पावलांचा आवाज यायला लागला, एका तालात, धप धप. मग धापा. आधी तिला वाटलं, आपल्याच धापा ऐकू येतायत.

"तू का धापा टाकतोयस?"

"जिना… चढतोय."

"कुठे निघालायस?"

"वर. मग खाली. मग वर."

"कशासाठी?"

"घास मी दिला होता ना," एर्मेक म्हणाला. पुढच्या मजल्यापर्यंत त्याला बोलता आलं नाही. "मग निम्मं वजन माझं. तू एकटीनेच का उतरवायचं?"

बेगिमाय हसली. हसताना दोरी पायात अडकली, तिने ती सोडवली आणि पुन्हा उड्या मारायला लागली. ओशच्या त्या बोळात, सदऱ्यावर सदरे चढवून, घामाने निथळत, ती चोवीस मिनिटं नाचल्यासारखी उडत होती, आणि सहाशे किलोमीटरवर एक मुलगा, ज्याने शाळेत कधी पळण्याची शर्यत पुरी केली नव्हती, पाच मजले वर-खाली करत होता. कोण जास्त दमलं ते विचारू नये.

दुसऱ्यांदा काट्यावर चढली तेव्हा साठ ग्रॅम जास्त होते. तिसऱ्यांदा पंचाने हातात शिक्का घेतला होता. काटा हलला, थरथरला, आणि बरोब्बर त्रेपन्नवर येऊन थांबला. पंचाने खाली वाकून पाहिलं, मग वर तिच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

पहिल्या दोन कुस्त्या तिने अशा काढल्या की आगायांना आपली जागाही नीट घेता आली नाही. तिथेच पहिल्या तिघींत नाव लागलं, खाट वाचली. पण बेगिमाय आता खाटेसाठी लढत नव्हती. शेवटची कुस्ती ओशच्याच मुलीशी, आणि सगळं मैदान तिच्या नावाने ओरडत होतं. पहिली फेरी संपली तेव्हा बेगिमाय दोनाला चार अशी मागे होती.

मग दुसरी फेरी लागली. हीच ती जागा, जिथे गेल्या वर्षी काजवे चमकायचे. बेगिमायने वाट पाहिली. काजवे आलेच नाहीत. पायांत ताकद होती, छातीत श्वास होता, आणि समोरची मुलगी मात्र आता गुडघ्यांवर हात टेकायला लागली होती. अर्धं मिनिट उरलं. कडेला उभ्या असलेल्या आगायांना त्या घाईत एकाही डावाचं नाव आठवेना. ते जिवाच्या आकांताने ओरडले, "घेवडा, पोरी, घेवडा!"

बेगिमाय खाली गेली, दोन्ही पाय कवेत घेतले आणि उचलून टाकलं. दोन गुण. खांदे गादीकडे वळवले, आणखी दोन. सहाला चार. घंटा वाजली तेव्हा ती वर होती आणि आगाय गादीच्या काठावर बसून टोपीत तोंड लपवून रडत होते. ओशच्या संघाचा प्रशिक्षक नंतर त्यांच्यापाशी येऊन गंभीरपणे म्हणाला, "तो घेवडा नावाचा डाव आमच्या पोरींना एकदा दाखवा."

डबा तिने गादीशेजारीच उघडला. ठेचलेला घेवडा, अक्रोड, गाजर. झाकणाच्या आत चिठ्ठी होती, आदल्या पहाटेची. 'जिंकलीस तरी हेच, हरलीस तरी हेच. पोटभर खा.' तिने पोटभर खाल्लं. शेजारच्या मुलींनाही तोंड लाव म्हणाली, आणि त्या दिवसापुरतं त्यांनी चिमूटभरच घ्यावं अशी मनातून प्रार्थना केली.

सहा दिवसांनी, स्पर्धेचे सत्कार आणि बर्फाने बंद झालेला घाट उरकून ती बिश्केकला परतली. ओकच्या झाडांना आता एकही पान नव्हतं, आणि बाकावर बोटभर बर्फ होतं. एर्मेकने ते बाहीने झाडलं होतं, दोघांपुरतं. तो चालताना अजून थोडा लंगडत होता.

"जिना," तो म्हणाला. "पोटऱ्या धरल्यात."

तिने पदक काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते तोलून पाहिलं. "एकशेऐंशी ग्रॅम तर असेलच," तो म्हणाला, "हे गळ्यात घालून काट्यावर गेली नाहीस ते बरं."

"माझा नान कुठाय?"

एर्मेकने कोटाच्या आतून रुमालाची पुरचुंडी काढली. नान वाळून लाकूड झाला होता, पण तिचा घास जसाच्या तसा दिसत होता, दातांच्या खुणांसकट. "दिव्याच्या खुंटीला टांगला होता," तो म्हणाला. "सहा दिवस खोलीतले तिघं त्याच्याखाली उपाशी बसले. एकाने विचारलं, कुणाचा आहे? मी म्हटलं, आमच्या घरच्या माणसाचा. तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नाही." मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. त्याने मान खाली घातली. "म्हणजे… सांगायला काहीतरी हवं होतं ना."

"सांगायला होतं?"

मग ज्याचं नावच करमणूक आहे अशा मुलाने आयुष्यात पहिल्यांदा थट्टा बाजूला ठेवली. "नाही," तो म्हणाला. "सांगायला नव्हतं. मला तू आवडतेस, बेगिमाय. पहिल्या दिवशी तू डब्याचा तळ दाखवलास ना, तेव्हापासून. पोटासाठी नाही म्हणत मी… पोट तर प्रकल्पाला हवं होतं."

बेगिमायने थर्मासमधला चहा झाकणात ओतला. नान गुडघ्यावर घेतला, जोर लावून मधोमध मोडला आणि अर्धा चहात बुडवला. ज्याने चावला त्यानेच तो नान संपवायचा असतो, फार तर त्याच्या घरच्या माणसाने, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो मऊ अर्धा तिने त्याच्यापुढे धरला.

"घे," ती म्हणाली. "तोंड लाव."

"हा तुझा आहे. मी खाल्ला तर…"

"तर काय?"

एर्मेकने तुकडा घेतला आणि चिमूटभर नाही, सगळाच्या सगळा खाल्ला, शेवटचा कण तळहातावरून टिपून. बेगिमायने उरलेला खाल्ला. दगडासारखा होता, आणि इतका गोड नान तिने कधी खाल्ला नव्हता. मग ती उठली, ओशहून परत आणलेला डबा पुन्हा पिशवीत टाकला आणि त्याचा हात धरून त्याला उठवलं.

"डबा आहे माझा तो," एर्मेक म्हणाला. "परत कधी देणार? रिकामा द्यायचा नसतो हं."

"आता परत कशाला द्यायचा?" बेगिमाय म्हणाली.